मांजर्लीचा एम मोठा

पुस्तकं मिटा. पेनं खाली ठेवा. मागच्या बाकावरची कुजबुज थांबली की मी बोलायला सुरुवात करीन.

ही तुमची पत्रं. दहावी ब, ४२ जण, ४२ पत्रं. विषय फळ्यावर लिहून दिला होता: उल्हास नदीच्या काठी आपली शाळा झाडं लावणार आहे, त्या कार्यक्रमाला कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना इंग्रजीतून निमंत्रण द्या. काल रात्री साडेअकरापर्यंत मी ही पत्रं तपासत बसले होते. स्पेलिंग चुकली आहेत, काळ चुकले आहेत, त्याचा मला राग नाही. भाषा शिकताना माणूस तिथे अडखळतोच. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ४२ पैकी ३१ जणांनी 'मांजर्ली' लिहिताना एम स्मॉल काढला आहे. स्वतःच्या गावाचं नाव! आणि त्याच पत्रात 'ट्री'चा टी कॅपिटल, 'वॉटर'चा डब्ल्यू कॅपिटल, 'प्रोग्रॅम'चा पी कॅपिटल, 'सॅपलिंग'चा एस कॅपिटल. रोपट्याला मोठं अक्षर, पाण्याला मोठं अक्षर, आणि ज्या मातीत ते रोपटं लावायचं त्या गावाला लहान. हे लिहिताना तुमचं लक्ष कुठे होतं?

आत्ता कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, एका अक्षराचं काय एवढं!" कोण म्हणालं ते मी विचारत नाही, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तेच आहे. मग ऐका, एका अक्षराचं काय ते.

'उल्हास' हा शब्द घ्या. उल्हास म्हणजे आनंद, उत्साह. आणि आपल्या गावाजवळून वाहते ती नदीही उल्हासच. मी फळ्यावर लिहिलं, 'काल सगळीकडे उल्हास भरून वाहत होता', तर परगावच्या माणसाला वाटेल सणाचं वर्णन चाललंय. ज्या आजीनं २६ जुलै २००५ ची पुराची रात्र मांजर्लीत काढली आहे, ती मात्र सामान माळ्यावर चढवायला धावेल. दोन्हीकडे 'उ' अगदी एकसारखा. आपल्या लिपीत नाव कोणतं आणि साधा शब्द कोणता, हे वाचणाऱ्यानं मागचंपुढचं बघून ओळखायचं असतं. इंग्रजीनं ते काम लिहिणाऱ्यावर टाकलं आहे. मार्च लिहायचा तर आधी ठरव: महिना की शिस्तीत चालणं? मे लिहायचा तर ठरव: महिना की 'कदाचित'? महिना असेल तर एम कॅपिटल, नसेल तर स्मॉल. तुमच्या ठरवण्याची खूण कागदावर उमटते आणि वाचणारा त्या खुणेवर विश्वास ठेवतो.

विशेषनाम आणि सामान्यनाम. व्याख्या विचारली तर तुम्ही सगळे एका दमात म्हणून दाखवाल. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि लिहिता लिहिता ती हाताला आठवणं वेगळं. बदलापूरचंच बघा. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. ते खरं की खोटं यात मी पडत नाही. पण 'बदल' हा चारचौघांच्या तोंडातला शब्द. तो एका गावाला चिकटला की तो चारचौघांचा राहत नाही. तो त्या एका जागेचा होतो. जगात नद्या हजारो, म्हणून 'रिव्हर'चा आर स्मॉल. 'उल्हास रिव्हर' म्हटलं की ती एकच, म्हणून यू कॅपिटल आणि आरही कॅपिटल. पुढच्याच वाक्यात नुसतं 'द रिव्हर' आलं, की आर पुन्हा स्मॉल. तुमच्यातल्या एकानंही हा फरक पाळलेला नाही. एकानंही नाही!

आता तुमची एक अडचण मी स्वतःहून मान्य करते, कारण ती खरी आहे. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही. वाक्याच्या सुरुवातीचा 'क' आणि मधला 'क' एकाच मापाचा. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हं आपण इंग्रजीकडून घेतली. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या कोशात ज्यांचा हात होता, तेच हे कँडी. त्यांनी चिन्हं आणली, पण कॅपिटल आणता आलं नाही, कारण आपल्या अक्षराला दुसरं रूपच नव्हतं. म्हणजे ही सवय तुम्हाला आईच्या भाषेतून मिळालेली नाही. ती कमवावी लागणार. पण कमवावी लागणार म्हणजे सोडून द्यायची, असा अर्थ तुम्ही कुठून काढलात? आपल्याकडे नसलेला क्रिकेटचा खेळ शिकलात ना? त्याचे नियम पंचापेक्षा जास्त माहीत आहेत तुम्हाला. तिथे नाही आड आली सवय.

चला, एकेक पत्र घेऊ. नाव वाचणार नाही. ज्याचं असेल त्याला कळेल.

हे पत्र. अक्षर सुंदर, समास सरळ. आणि प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल. वाक्याचं नव्हे, ओळीचं! वाक्य अर्ध्यात आहे, कागद संपला म्हणून शब्द खालच्या ओळीवर आला, आणि तिथे 'अँड'चा ए मोठा झाला. पूर्णविरामानंतर मात्र स्मॉल अक्षर, कारण ते ओळीच्या मधे आलं. कॅपिटल कागदाच्या कडेला मिळत नसतं. वाक्य जिथे सुरू होतं तिथे ते मिळतं, मग ते वाक्य ओळीत कुठेही सुरू होऊ दे. हे लिहिणाऱ्यानं एकदा तरी आपलं पत्र मोठ्यानं वाचलं असतं, तर वाक्य कुठे संपतं ते कानाला कळलं असतं. वाचलं नाही. पाट्या टाकल्या.

हे दुसरं. 'पार्क'मधला शेवटचा के मोठा, 'प्लीज'मधला एस मोठा, 'कप'मधला पी मोठा. शब्दाच्या पोटात कॅपिटल! हे का होतं ते मला ठाऊक आहे. सी, के, ओ, पी, एस, डब्ल्यू ही अक्षरं लहान काय, मोठी काय, आकार जवळजवळ तोच. फरक फक्त मापाचा आणि रेघेवर बसण्याचा. पहिलीत चार रेघांच्या वहीत तुम्ही ते बरोबर काढत होता. कॅपिटल वरच्या रेघेला टेकायचं, स्मॉल के वर जायचा पण त्याचे हात मधल्या घरात राहायचे, स्मॉल पी खाली उतरायचा. एकेरी वही हातात आली आणि रेघांबरोबर शिस्तही गेली. उद्यापासून आठ दिवस ज्यांच्या वहीवर मी तांबडा गोल केला आहे, त्यांनी चार रेघांची वही आणायची. दहावीत आहोत म्हणून लाज वाटत असेल, तर ती मार्चपर्यंत पुरवू नका. आठ दिवसांत संपवा.

आणि हे तिसरं. उभा राहा. हो, तूच. अख्खं पत्र कॅपिटलमध्ये. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत. का, ते मी सांगते. कुठे मोठं आणि कुठे लहान याचा विचार करायचा कंटाळा आला, म्हणून तू सगळंच मोठं करून टाकलंस. म्हणजे चूक सापडायला नको. हा पळपुटेपणा आहे. प्रश्न सोडवायचा नाही म्हणून पाटीच पुसून टाकण्यातला हा प्रकार. तू म्हणशील, बदलापूर स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्येच आहे. आहे ना. तिथे वाक्य नाही, एकच नाव आहे, आणि ते धावत्या गाडीतून वाचता यायला हवं. फॉर्मवर 'ब्लॉक लेटर्स' लिहिलेलं असतं, कारण चौकटीतलं एकेक अक्षर कुणीतरी उतरवून घेणार असतं. पॅन कार्डाच्या दहा खुणांतली अक्षरं कॅपिटल असतात, कारण तो शब्द नसून क्रमांक आहे. पत्र ही पाटी नव्हे, फॉर्मही नव्हे. पत्र एका माणसानं दुसऱ्या माणसाशी केलेलं बोलणं असतं. सगळंच कॅपिटल म्हणजे समोरच्याच्या तोंडावर ओरडून बोलणं. मुख्याधिकाऱ्यांना निमंत्रण देताना तू ओरडशील? बस खाली.

आता सर्वांसाठी. 'मी' या अर्थाचा इंग्रजी आय. तो वाक्यात कुठेही येवो, सुरुवातीला, मधे, शेवटी, तो कॅपिटलच. २६ जणांनी स्मॉल काढला आहे, वर टिंब देऊन. पूर्वी या इंग्रजी शब्दात दोन अक्षरं होती. मागचं झडलं आणि एकटी उभी रेघ उरली. हातानं पोथ्या लिहिण्याच्या काळात ती बारीक रेघ शेजारच्या अक्षरात हरवून जाई, म्हणून लेखनिक ती उंच काढू लागले, आणि पुढे तोच नियम झाला. त्यात स्वतःला मोठं म्हणवण्याचा भाव नाही. एकटं अक्षर हरवू नये, एवढीच काळजी त्यामागे आहे. तुम्ही मात्र रोज फोनवर त्याला हरवता आणि तीच सवय उत्तरपत्रिकेत घेऊन येता.

फोनचं निघालंच आहे तर ऐका. टाइप करताना वाक्याचं पहिलं अक्षर फोन स्वतःच मोठं करतो. त्यामुळे ते काम आपलं आहे हेच तुम्ही विसरलात. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन कुठलंही अक्षर आपोआप मोठं करत नाही. तिथे तुमचं डोकं आणि तुमचा हात, तिसरं कुणी नाही. आणि जिथे फोन मदत करत नाही तिथे काय होतं तेही तुम्हाला माहीत आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी पासवर्ड चालत नाही म्हणून पालक घाबरेघुबरे होऊन शाळेत येतात. बघावं तर पासवर्डातलं एक अक्षर मोठं ठेवलं होतं आणि आता लहान टाकलंय. मशीनला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. तुम्हालाही ती वेगळीच दिसली पाहिजेत.

पुढे. मायना. 'डिअर सर' लिहिताना डी कॅपिटल आणि एसही कॅपिटल. शेवटी 'युअर्स फेथफुली' लिहिताना फक्त वाय कॅपिटल, एफ स्मॉल. पत्त्यात 'द चीफ ऑफिसर' असं त्या एका पदावरच्या व्यक्तीला संबोधता, तेव्हा सी आणि ओ कॅपिटल. 'प्रत्येक नगरपरिषदेला एक मुख्याधिकारी असतो' असं सर्वसाधारण वाक्य लिहिलं, की दोन्ही स्मॉल. इथे तुमच्या मनात एक गोंधळ आहे, तो आज मुळापासून काढा. तुम्हाला वाटतं, ज्याला मान द्यायचा त्याला कॅपिटल द्यायचं. म्हणून 'टीचर', 'मॅनेजर', 'पोलीस', 'कंपनी' सगळ्यांना मोठं अक्षर देऊन मोकळे होता. मराठीत मान द्यायला 'आपण' आहे, 'अहो' आहे, नावापुढे 'राव' आणि 'बाई' आहे. इंग्रजीत मान शब्दांच्या निवडीतून द्यायचा. कॅपिटल मान सांगत नाही, ते ओळख सांगतं: हजारांतली ही एक. म्हणूनच हेडमास्तर स्मॉलमध्ये येऊ शकतात आणि तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं 'मोती' हे नाव कॅपिटलशिवाय येऊ शकत नाही.

आईचंही तसंच. 'माय मदर' लिहिलं की एम स्मॉल. आईला हाक मारताना किंवा नावासारखं 'मदर' म्हटलं, की कॅपिटल. कसोटी सोपी आहे. त्या जागी आईचं खरं नाव घालून वाक्य वाचा. बसलं तर कॅपिटल. 'माझी' शब्द मधे अडखळला तर स्मॉल. वार आणि महिने नेहमी कॅपिटल: संडे, जुलै, श्रावण. ऋतू स्मॉल: समर, मान्सून. मराठी, इंग्लिश, हिंदी या भाषा नेहमी कॅपिटल. विज्ञान आणि गणित हे विषय म्हणून साध्या वाक्यात आले तर स्मॉल. 'मराठी'चा एम स्मॉल लिहिणारे या वर्गात १९ जण आहेत. मराठी माध्यमाच्या शाळेत बसून!

दिशांचं बघा. हे तर तुम्हाला झोपेतही यायला हवं, कारण रेल्वे रुळांनी तुमच्या शहराचे दोन भाग केले आहेत. मांजर्ली 'बदलापूर वेस्ट'मध्ये येते, तिथे वेस्टचा डब्ल्यू कॅपिटल, कारण तो नावाचा भाग झाला. 'मांजर्ली रुळांच्या पश्चिमेला आहे', तिथे स्मॉल, कारण ती नुसती दिशा. रोज रिक्षावाल्याला तुम्ही ईस्ट-वेस्ट सांगता. त्यातलं नाव कुठे संपतं आणि दिशा कुठे सुरू होते, हे कधी मनात आलं का? २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी सोडवून आणले. त्या दिवशी 'एक एक्स्प्रेस अडकली आहे' एवढंच सांगून कसं भागलं असतं? कोणती, ते सांगावं लागलं. इंग्रजीत लिहिताना एम आणि ई कॅपिटल झाले की ती एकच गाडी डोळ्यांपुढे येते.

विज्ञानवाले हसू नका, तुमचीही पाळी आहे. कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट, धातू. दोन्ही कॅपिटल म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, जीव घेणारा वायू. तुमच्यातले कितीतरी जण उद्या अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात कामाला लागतील. तिथे पिंपावरचं लेबल असंच वाचणार? स्मॉल के म्हणजे किलो, कॅपिटल के म्हणजे केल्विन, तापमान. वॉटच्या मागे स्मॉल एम लावला तर मिलिवॉट, कॅपिटल लावला तर मेगावॉट. फरक शंभर कोटी पटींचा. आणि आपल्या बदलापूरचं जांभूळ, ज्याची टोपली बघितली की तुमचे हात पुढे होतात, त्याचं शास्त्रीय नाव सिझिजियम क्युमिनाय. प्रजातीच्या नावाचा एस कॅपिटल, जातीच्या नावाचा सी स्मॉल, जगभर सगळीकडे असंच. आंब्याच्या नावातला 'इंडिका' भारतावरून आला आहे, तरी त्याचा आय स्मॉलच. तिथे शास्त्रज्ञांनी तसं ठरवलं आहे आणि ते पाळलं जातं.

हुशार विद्यार्थी आता विचारेल की हे नियम कोणी देवानं दिले का? नाही. माणसांनीच ठरवले आणि बदललेही. जर्मन भाषेत आजही प्रत्येक नामाला कॅपिटल असतं, टेबलालासुद्धा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी छपाईतही बहुतेक नामं मोठ्या अक्षरानं सुरू व्हायची. पुढे इंग्रजीनं ती रीत सोडली आणि कॅपिटल मोजक्या जागी ठेवलं. मोजकं आहे म्हणून त्याला किंमत आहे. तुमच्यासारखं मुठी भरभरून उधळलं, तर ते असून नसल्यासारखंच.

आता इंग्रजीचं पुस्तक उघडा. सुरुवातीची पानं, संविधानाची उद्देशिका. रोज परिपाठाला म्हणता, आज बघा. जस्टिस, लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी. हे चार शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये आहेत. आणि 'लिबर्टी'च्या पुढे विचार, अभिव्यक्ती, विश्वास यांसाठी आलेले शब्द? स्मॉल. 'सिटिझन्स'? स्मॉल. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी एकही अक्षर चुकून मोठं केलेलं नाही, की चुकून लहान ठेवलेलं नाही. कोणत्या शब्दावर देशाची नजर खिळावी, हे त्यांनी ठरवलं आणि तेवढेच शब्द उंच केले. ठरवून लिहिणं म्हणजे काय, ते या एका पानावर आहे. तुमच्या पत्रात ठरवलेलं एकही अक्षर मला दिसलं नाही. सगळी पडलेली अक्षरं आहेत.

आणि एक गोष्ट निक्षून सांगते. "आम्ही मराठी मीडियमचे" हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुम्ही दहा वर्षं ही भाषा शिकत आहात. आमच्या आधीची पिढी पाचवीत किंवा त्याहूनही उशिरा इंग्रजीला लागली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून कचेऱ्यांतली पत्रं लिहू लागली, आणि त्या पत्रांत कॅपिटलची चूक शोधावी लागे. त्यांना अक्कल जास्त नव्हती. लिहून झालेलं ते पुन्हा वाचत. तुम्ही शेवटचा पूर्णविराम दिला की पेनाला टोपण लावता. तुमचं दुखणं इंग्रजीचं नाही, उरकून टाकण्याचं आहे. आज मी ते चालवून घेतलं, तर उद्या बँकेच्या अर्जात, नोकरीच्या पत्रात, औषधाच्या चिठ्ठीत तेच कराल, आणि तिथे तांबडं पेन घेऊन रात्री जागणारं कुणी नसेल.

आता काम. ही पत्रं परत देते. कुणालाही मार्क नाहीत, कुणालाही शून्य नाही. सोमवारी पत्र नव्यानं लिहून आणायचं. आणायच्या आधी शेजारच्या घरातल्या कुणालातरी समोर बसवा, प्रत्येक कॅपिटल अक्षरावर बोट ठेवा आणि ते का मोठं आहे ते मराठीत सांगा. वाक्याची सुरुवात आहे, नाव आहे, वार आहे, आय आहे. कारण सांगता आलं नाही, तर ते अक्षर खोडा. मग उलट करा. स्मॉलमधल्या शब्दांवरून बोट फिरवा आणि विचारा, यातलं कुणाचं नाव तर नाही? पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढं केलंत तर पुन्हा कधी मला यावर बोलावं लागणार नाही.

या पत्रांतून निवडलेलं एक खरोखरच मुख्याधिकाऱ्यांकडे जाणार आहे. ते टेबलावर पडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, मीही नसेन. बोलेल तो कागद. त्यांनी पत्ता वाचला की त्यांना कळलं पाहिजे, ही मुलं कुठली आहेत आणि लिहिताना जागी होती.

बेल व्हायला दोन मिनिटं आहेत. वहीचं कोरं पान काढा. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहायला घ्या. पहिला शब्द मांजर्ली. एम वरच्या रेघेला टेकलाच पाहिजे. मी बाकांमधून फिरतेय.